धाकट्या भावाची अ‍ॅलर्जी

आमचे डॉक्टर नाडी बघताना डोळे मिटतात. नव्या पेशंटला वाटतं, लागली यांची डुलकी. जुन्याला माहीत असतं, आता आपलं काही खरं नाही. चाळीस वर्षं एकाच खुर्चीत बसून या गृहस्थांनी आमच्या भागातल्या तीन पिढ्यांच्या जिभा पाहिल्या आणि त्या जिभांवरून घरंगळणाऱ्या थापाही ऐकल्या. जिभेवर ते औषध देतात, थापेवर नुसतं "बरं" म्हणतात. हे "बरं" फार वाईट.

"रोज सकाळी तासभर चालतो, डॉक्टर."

"बरं."

"म्हणजे… चालायचो."

"बरं."

"गेल्या वर्षी. दोनदा."

दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीत एक लांब बाकडं. लोकांनी बसून बसून ते इतकं गुळगुळीत केलंय, की भिंतीकडच्या टोकाला बसलेला माणूस न उठताच हळूहळू दाराशी येतो आणि नंबर लागला असं समजून आत जातो. कोपऱ्यात वजनकाटा. तो दीड किलो कमी दाखवतो. डॉक्टर मनातल्या मनात दीड मिळवतात, पेशंट मनातल्या मनात आणखी दीड वजा करतात, त्यामुळे कुणाचं वजन नक्की किती हे कुणालाच कळत नाही आणि दोन्ही पक्ष सुखी राहतात. काट्यापलीकडे एका उंच स्टुलावर कंपाउंडर. ते डॉक्टरांपेक्षा दोन वर्षांनी मोठे आणि रागाच्या बाबतीत वीस.

कंपाउंडरांच्या ताब्यात चार पत्र्याचे डबे होते. त्यांत पुठ्ठ्याची कार्डं, माणसागणिक एक. ती नावाप्रमाणे लावलेली नव्हती. गल्लीप्रमाणे, आणि गल्लीत कोण कुणाशी बोलत नाही त्याप्रमाणे लावलेली होती, म्हणजे दोन भांडखोर कार्डं शेजारी येत नसत. खरी गंमत कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात असायची. तिथे डॉक्टर बारीक खुणा करत. त्रिकोण म्हणजे मुलाविषयी विचारा, रडू येईल पण विचारा. दोन टिंबं म्हणजे जेवढी पितो म्हणेल त्याच्या दुप्पट धरा. नुसती आडवी रेघ म्हणजे याला काहीही झालेलं नाही, पण तसं सांगू नका. कार्डाच्या मधल्या भागात रोग, ताप, गोळ्या वगैरे किरकोळ मजकूर असे. डॉक्टर वाचायचे ते कोपरा.

डॉक्टरांना एकच मुलगी. तीही डॉक्टर, दुसऱ्या गावी नोकरीला. तिला आमच्याच गावातल्या मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं होतं: सात मजले, दोन लिफ्ट, बाहेर कारंजं. तिने ते घेतलं असतं तर आमच्या दवाखान्याला पुढे वाली नव्हता. शेजारचा चपलांचा दुकानदार तर खोकल्याचं औषध घ्यायला आला की खोकता खोकता नजरेने भिंत मोजायचा. डॉक्टरांची इच्छा एकच, मुलीने ही खुर्ची घ्यावी. पण हे तोंडाने सांगायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. दुसऱ्यांच्या मनातलं ओळखायची सवय लागली, की स्वतःच्या मनातलंही कुणीतरी ओळखावं अशी माणसाची अपेक्षा होऊन बसते. शेवटी मुलीनेच विषय काढला.

"बाबा, मी इथे येईन. पण एका अटीवर."

"मान्य," डॉक्टर म्हणाले.

"अट तर ऐका!"

"तुझ्या आईची अटही मी न ऐकताच मान्य केली होती. ती काय होती ते अजून कळलेलं नाही, पण संसार झाला."

"झाला म्हणे," आतून आई म्हणाली. "केला म्हणून झाला."

अट अशी होती. दवाखान्यात कॉम्प्युटर येणार. तीन महिन्यांत एकूण एक पेशंट त्यात चढवायचा. कार्डं बंद, डबे माळ्यावर. तीन महिन्यांनी ती येऊन बघणार आणि मग हॉस्पिटलला काय ते कळवणार.

"आत्ता सगळं तुमच्या डोक्यात आहे, बाबा. तुमच्यानंतर मी काय करू?"

"माझ्यानंतर म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही जेवायला गेल्यावर."

कंपाउंडरांनी डबे स्वतःच्या हाताने सुतळीने बांधले. गाठी अशा मारल्या, की उद्या कुणाला सोडायचे झाले तर आधी ऑपरेशनचं सामान मागवावं लागलं असतं. "ताई," ते म्हणाले, "हे यंत्र बंद पडलं तर?"

"परत सुरू करायचं, काका."

"आणि मी बंद पडलो तर?"

"तुमचीही नोंद आधी करून ठेवू."

अशा रीतीने कॉम्प्युटर टेबलावर आला आणि डॉक्टर त्याच्या मागे दिसेनासे झाले. पहिला आठवडा आम्हा पेशंटांना फक्त त्यांचं टक्कल दिसायचं. बायका आत जाण्याआधी केस सारखे करू लागल्या, कारण आत टीव्हीसारखं काहीतरी आहे आणि आपण त्यात जाणार एवढंच त्यांना कळलं होतं. एका आजोबांनी पडद्याला नमस्कार केला आणि आपली कंबर कुठे दुखते ते त्याच्याकडे पाठ करून दाखवलं.

डॉक्टर टाइप करत ते उजव्या हाताच्या एका बोटाने. ते बोट कीबोर्डावर घारीसारखं घिरट्या घालायचं आणि अक्षर सापडलं की झडप. 'पोटात कळ' लिहायला सहा मिनिटं लागायची. तेवढ्यात कळ गेलेली असायची.

"ळ कुठे गेला? सकाळी इथेच होता."

"बघा, बाकड्याखाली पडला असेल," बाहेरून कंपाउंडर म्हणायचे.

पण या बोटाने एक चमत्कार केला, जो ना मुलीने योजला होता, ना कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी. डॉक्टर अक्षर शोधत असले की खोलीत शांतता पसरायची. समोर टक्कल, नजर नाही, "बरं" नाही. आणि समोर बसलेल्या माणसाला ती शांतता सहन होईना. शिंपीणबाईंचंच घ्या. त्या बसल्या आणि म्हणाल्या, "चक्कर येते." डॉक्टर च शोधायला निघाले.

"तशी रोज नाही येत," शिंपीणबाई म्हणाल्या.

डॉक्टर क्क च्या वाटेवर.

"सकाळी जेवत नाही ना, त्याने असेल."

बोट वरच्या ओळीत.

"दुपारीही नाही जेवत. ती समोरची म्हणाली, मशीनवर बसून बसून तुमची मापं बदलली. तेव्हापासून जेवतच नाही मी डॉक्टर, खोटं कशाला सांगू!"

"चक्कर," डॉक्टर विजयाने म्हणाले. "झालं लिहून." आणि मग त्यांनी वर पाहिलं तर शिंपीणबाई रडत होत्या.

चाळीस वर्षं "बरं" म्हणून म्हणून जे बाहेर काढावं लागत होतं, ते आता आपणहून बाहेर येऊ लागलं. जो यंत्र घेतो त्याचं काम झटपट होतं, अशी जगाची समजूत. आमच्या डॉक्टरांचं काम तिप्पट लांबलं, आणि त्या लांबण्यात माणसं धडाधड खरं बोलू लागली. बाकड्यावरची माणसं मात्र भिंतीपासून दारापर्यंत सरकून, परत भिंतीकडे जाऊन पुन्हा सरकत आली.

आता प्रश्न आला, हे सगळं लिहायचं कुठे? शिंपीणबाईंच्या कार्डावर एक खूण करून भागलं असतं. पण कॉम्प्युटरला कोपरा नव्हता. नाव, वय, वजन, रक्तदाब, रोग, औषध असे रकाने होते आणि प्रत्येक रकाना सरकारी खिडकीसारखा: ठरलेलंच घेणार. वजनाच्या रकान्यात 'याविषयी बोलू नये' असं लिहून पाहिलं, तर यंत्र म्हणालं, आकडा द्या.

फक्त एक रकाना मोकळा होता. सगळ्यात वर, लाल चौकटीत: अ‍ॅलर्जी. पेशंटचं पान उघडलं रे उघडलं की ही चौकट तोंडावर यायची आणि 'वाचलं' म्हणून बटण दाबल्याशिवाय हलायची नाही. तिच्यात काहीही लिहा, ती घ्यायची. उलट काही लिहिलं नाही तर विचारायची, 'अ‍ॅलर्जी नाही. नक्की?' ज्या माणसाला गावात आजवर कुणी 'नक्की?' असं विचारलं नव्हतं, त्याला दिवसातून तीस वेळा हा प्रश्न ऐकावा लागला. डॉक्टर विचारात पडले. खरंच, नक्की का? अमुक माणसाला कशाचाच त्रास होत नाही, असं छातीठोकपणे कसं म्हणावं?

आणि त्यांनी शिंपीणबाईंच्या लाल चौकटीत लिहिलं: वजनाचा विषय.

दुसऱ्या वेळी बाई आल्या, पान उघडलं, चौकट लाललाल होऊन समोर आली. डॉक्टरांनी वजनाचा विषय काढला नाही. जेवलात का, एवढंच विचारलं. डॉक्टरांना वाटलं, वा! हा कोपरा कार्डाच्या कोपऱ्यापेक्षा बरा, आपणहून दिसतो. एकदा सापडल्यावर ते सुटलेच. बँकेतल्या कारकुनाला 'चांगली बातमी', कारण तपासणीत काही निघालं नाही की तो आठ दिवस अंथरूण धरतो. बसच्या ड्रायव्हरला 'बायकोसमोर दारूची चौकशी'. पोस्टमनच्या आईला 'थोरली सून' आणि कंसात '(धाकटी चालते)'. चपलांच्या दुकानदाराला: 'काहीही झालेलं नाही हे वाक्य. रोगाला भारदस्त नाव द्यावे.' माझ्या चौकटीत काय होतं ते मी विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं.

तीन महिने संपले त्या शनिवारी सकाळी मुलगी आली. कंपाउंडरांच्या स्टुलावर बसून तिने आपल्या लॅपटॉपवर आकडे काढले. नऊशे सहा पेशंट चढवलेले. तिचा विश्वास बसेना. दारातून बाबांच्या एका बोटाकडे तिने पाहिलं, बोटाला घट्टा पडला होता. तिचे डोळे जरासे ओलावले. हॉस्पिटलला उत्तर रविवारी संध्याकाळी सहापर्यंत द्यायचं होतं आणि कंपाउंडरांच्या म्हणण्याप्रमाणे त्या क्षणी ते उत्तर तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मग तिने आणखी एक बटण दाबलं.

"बाबा, नऊशेतल्या चारशे बारा लोकांना अ‍ॅलर्जी आहे?"

"थोडे राहिलेत अजून," आतून डॉक्टर म्हणाले.

"इथल्या हवेत काही आहे का?"

"हवेत कसलं, घरात असतं."

ती उठून आत जाणार तोच फोन वाजला. फोन सात मजली हॉस्पिटलातून होता.

आता हॉस्पिटलात काय घडलं होतं ते सांगायला हवं. आमच्या भागात एक निवृत्त हेडमास्तर आहेत. खालच्या मजल्यावर ते, वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ. भाऊ सत्तरीचा, पण हेडमास्तर त्याला अजून "सरळ उभा राहा" म्हणतात. गेल्या वर्षी धाकट्याला हृदयाचं काहीतरी निघालं. तेव्हापासून घरात त्याला उशी, पाणी, विचारपूस. थोरल्याला हर्निया, म्हणजे ज्याचं नाव चारचौघांत घेता येत नाही असला दुय्यम आजार. त्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी चिठ्ठी छापून दिली. चिठ्ठी यंत्र आपणच बनवतं: वर पेशंटचं नाव, त्याखाली ठळक लाल अक्षरांत अ‍ॅलर्जी, मग बाकीचं. डॉक्टरांनी ती न वाचता सही केली. छापलेल्या कागदावर त्यांचा भारी विश्वास.

हेडमास्तर धाकट्या भावाला घेऊन हॉस्पिटलात पोचले, कारण पिशवी धरायला कुणीतरी हवं. खिडकीतल्या मुलीने चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"अ‍ॅलर्जी: पेनिसिलिन. धाकटा भाऊ. स्वतःच्या गोळ्यांबद्दल खरं सांगणे." ती थांबली. "सोबत कोण आलंय?"

"मी," भाऊ म्हणाला.

"तुम्ही यांचे कोण?"

"धाकटा भाऊ."

मुलगी हसायला लागली. कुणीतरी गंमत केलीय असं समजून तिने सगळी चौकट खोडायला घेतली. पण हॉस्पिटलाचा कॉम्प्युटर आमच्या डॉक्टरांच्या कॉम्प्युटरचा थोरला भाऊ. चिठ्ठी त्याच्यात आधीच शिरली होती. खोडू देईना. तो म्हणाला, अ‍ॅलर्जी असलेली वस्तू पेशंटपासून दूर केल्याची खूण करा, मगच पुढचं पान उघडेल. मुलीने वरिष्ठांकडे पाहिलं. वरिष्ठांनी नियमाकडे पाहिलं. आणि हेडमास्तरांच्या मनगटाला लाल पट्टी बांधून त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाला पिशवीसकट कारंज्यापाशी नेऊन बसवण्यात आलं.

"मी वस्तू आहे का?" तो ओरडत होता. "सत्तर वर्षं याचा मार खाल्ला, आणि अ‍ॅलर्जी याला?"

ही गडबड ऐकून भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि सरळ फोन फिरवला. तो डॉक्टरांच्या मुलीने उचलला.

"तुमच्या चिठ्ठीतली गंमत कुठे संपते आणि पेनिसिलिन कुठे सुरू होतं, एवढंच सांगा," बाई म्हणाल्या. "ही मुलगी सगळंच खोडणार होती."

मुलगी ताडकन उठली. तिने आत जाऊन हेडमास्तरांचं पान उघडलं. लाल चौकट समोर आली.

"बाबा, पेनिसिलिन खरं आहे ना?"

"खरं म्हणजे! ओठ सुजून भाकरी— जाऊ दे, फार वाईट सुजले होते. मीच सुई दिली होती."

"आणि धाकटा भाऊ?"

"ते तर त्याहून खरं आहे."

"बाबा!"

"अगं, भाऊ समोर असला की त्याचा रक्तदाब वीसने चढतो. मोजलाय मी. आण तो फोन." डॉक्टरांनी फोन घेतला. "बाई, भाऊ बाहेर आहे का? उत्तम. मला नुसता संशय आहे. आता एकटं असताना विचारा, रक्त पातळ करायची गोळी घेता का म्हणून. सुरुवातीला नाही म्हणेल. तुम्ही काही बोलू नका. कागदावर काहीतरी लिहीत बसा. सावकाश."

फोन तसाच स्पीकरवर चालू राहिला. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग हेडमास्तरांचा वर्गातला आवाज आला. "मी कुठलीही गोळी घेत नाही." परत शांतता. "सकाळची एक सोडून." परत शांतता. "आमच्या धाकट्याला हृदयासाठी दिलीय. त्याच्या बाटलीतून घेतो. त्याला मिळतं ते थोरल्याला नको का? वर्षभर घेतोय. अंगाला मानवलीय."

ऑपरेशन पुढे ढकललं. गोळी बंद करून ठराविक दिवस थांबायचं, मग टेबलावर. रक्त पातळ असताना पोट उघडलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरीणबाईंनी फोनवर दोन वाक्यांत सांगितलं आणि ती वाक्यं ऐकून कंपाउंडर स्टुलावरून उतरून उभे राहिले.

डॉक्टरांनी फोन ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर, काय सांगू, लग्नात अक्षता पडल्यासारखं तेज होतं. "बघितलंस?" ते म्हणाले. "लाल चौकटीने माणूस वाचवला."

"बरं," मुलगी म्हणाली.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरांना ते "बरं" समोरून ऐकू आलं, आणि त्यांना घाम फुटला.

"म्हणजे… मदत झाली थोडी."

"बाबा, यंत्र अडलं नसतं तर त्या मुलीने पेनिसिलिनही खोडलं असतं. भुलीच्या बाई चांगल्या निघाल्या म्हणून फोन आला. चारशे बारा लाल चौकटी! कुणाला थोरली सून, कुणाला चांगली बातमी. लोक एकदा हसतील, दोनदा हसतील, तिसऱ्यांदा वाचायचेच नाहीत. आणि त्या तिसऱ्या चौकटीत जर खरंच काही असेल तर?"

गावभर दुसऱ्यांच्या थापा ओळखणारा हा माणूस. लांडगा आला रे आला ओरडणारा आपल्याच टेबलावर बसला होता आणि तो आपण होतो, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग लिहायचं कुठे होतं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान मुलासारखा. "खुणेला जागाच नाही गं यात. रोग लिहायला दहा रकाने, माणूस लिहायला एकही नाही."

मुलीने माउसचं चाक बोटाने फिरवलं. पान वर सरकलं. खाली, औषधांच्याही खाली, पांढरंशुभ्र मोकळं मैदान उघडलं. वर लिहिलं होतं: इतर माहिती. असले दोन पडदे भरतील एवढी जागा.

"हे कुठून आलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून आहे. पान खाली सरकतं, बाबा."

तीन महिने, नऊशे सहा पेशंट, आणि जिथे काच संपते तिथे पान संपतं अशी या माणसाची पक्की समजूत होती! कंपाउंडर दारात उभे होते. आयुष्यभराचा सूड घ्यायची संधी त्यांच्या तोंडाशी आली होती, पण ते नुसते म्हणाले, "असू द्या हो. पुठ्ठ्याचं पान सरकत नसे." आणि बाहेर गेले. मैत्री ती हीच.

मुलगी हॉस्पिटलबद्दल काही बोलली नाही. डॉक्टरांनीही विचारलं नाही, त्यांच्या तोंडून तो प्रश्न निघेना. दुपारी जेवताना आईने विचारलं, "काय ठरलं?" तर दोघांनीही ताटात पाहिलं. "उद्या दिवसभर बसून चौकटी साफ करते," मुलगी म्हणाली. "तेवढं केल्याशिवाय मी कुठेच जाऊ शकत नाही. उद्या कुणाच्या जिवावर बेतलं तर?" 'कुठेच जाऊ शकत नाही' याचा अर्थ 'मग जाईन' असा डॉक्टरांनी लावला. अर्थ लावण्यात ते तरबेज, पण घरच्यांच्या बाबतीत सहसा चुकतात.

रविवारी सकाळी नऊला बसले. मुलगी कीबोर्डावर, डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत. ठरवलेलं असं, की तिने चौकट वाचायची, डॉक्टरांनी फक्त 'खरी' किंवा 'खोटी' म्हणायचं. खरी असेल तर ठेवायची, नाही तर खाली मैदानात टाकायची. एकेकाला अर्धं मिनिट, म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत मोकळं.

"बसचा ड्रायव्हर. बायकोसमोर दारूची चौकशी."

"खोटी."

तिने ते उचलून खाली टाकलं. पुढचं पान उघडलं, आणि थांबली. "पण का? तिला माहीत नाही?"

"तिला माहीत आहे. त्याला माहीत नाही की तिला माहीत आहे. सोडायचा प्रयत्न करतोय बिचारा. तिने विचारलं तर लाजेने पुन्हा सुरू करेल, म्हणून ती बिचारी विचारत नाही. दोघंही वेगवेगळं येऊन मला सांगतात."

"बरं, बँकेतला कारकून. चांगली बातमी. खोटी ना?"

"खोटी. त्याच्या वडिलांना सगळं ठीक आहे असं सांगितलं होतं. चार दिवसांनी गेले ते. मी नव्हतो सांगितलं, दुसऱ्या कुणीतरी. त्याला काहीतरी बारीकसं सापडलं म्हणून सांगावं, मग तो निवांत होतो."

अर्ध्या मिनिटाचे पाच झाले, पाचाचे दहा. दुपारपर्यंत साठ चौकटी झाल्या. जेवण टेबलावरच आलं. खऱ्या अ‍ॅलर्ज्या निघाल्या त्या संध्याकाळपर्यंत सगळ्या मिळून सव्वीस-सत्तावीस. बाकी सगळी माणसं होती. मुलगी आधी खुर्चीच्या टोकावर बसून विचारत होती, मग मागे टेकून, मग पाय वर घेऊन. मध्येच कंपाउंडर आले. रविवार असून ते का आले असं कुणी विचारलं नाही. ते दारात टेकून राहिले आणि डॉक्टर विसरले तिथे भर घालू लागले. "नाही साहेब, ती बहीण नव्हे, नणंद."

पोस्टमनच्या आईचं पान उघडलं तेव्हा सहाला दहा मिनिटं होती.

"थोरली सून. धाकटी चालते," मुलीने वाचलं आणि हसली. "खोटी. पण हे काय प्रकरण आहे?"

"हे मोठं आहे," डॉक्टर म्हणाले. "थोरलीच खरी करते सगळं. औषध तीच देते, पाय तीच चेपते. म्हातारीला तेच सहन होत नाही. का, तर ज्या मुलाचं ती घर सांभाळते तो मुलगा—"

फोन वाजला. मुलीने उचलला. हॉस्पिटलच्या ऑफिसातला गृहस्थ होता, अत्यंत नम्र. उद्या सकाळी दारावरची नावांची पाटी छापायला जाणार होती. तिचं नाव घालू ना?

कंपाउंडरांनी छताकडे पाहिलं.

मुलीने फोनवर हात ठेवला. "तो मुलगा काय?"

"आधी त्यांना उत्तर दे."

"थांबतील ते. तो मुलगा काय, बाबा?"

"तो गेली सहा वर्षं घरी आलेला नाही. पत्रही नाही. आणि पोस्टमन कोण, तर त्याचाच सख्खा भाऊ. गावाला पत्रं वाटतो आणि घरी रिकाम्या हाताने येतो. म्हातारी थोरल्या सुनेच्या हातून औषध घेत नाही, कारण ते घेतलं म्हणजे मुलगा परत येणार नाही हे कबूल केल्यासारखं होतं. म्हणून मी औषध धाकटीच्या हाती देतो, धाकटी ते थोरलीला देते, थोरली ते वाटीत कालवते आणि धाकटी वाटी नेऊन ठेवते. दर महिन्याला. चुकून सरळ थोरलीच्या हाती दिलंस तर म्हातारी दोन दिवस उपाशी."

"हॅलो?" फोन म्हणाला. "मॅडम?"

मुलगी पडद्याकडे बघत होती. मग तिने फोन कानाला लावला. "माफ करा हं. नाव नका घालू. माझे इथे अजून तीनशे पेशंट राहिलेत."

"मग मंगळवारपासून आलात तरी चालेल," गृहस्थ म्हणाला.

"नाही हो. हे मंगळवारपर्यंत संपणाऱ्यातलं नाही."

तिने फोन ठेवला. डॉक्टरांना काहीतरी म्हणायचं होतं. ते उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन पेशंटच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी विनाकारण स्वतःचीच नाडी धरली.

"पुढचं उघड," शेवटी ते म्हणाले. "चपलांचा दुकानदार आहे. हा फार लांबलचक आहे. आधी चहा सांग."